विस्तवाजवळ कोण, पंगतीला कोण

उन्हाळ्यांतील रविवारची संध्याकाळ असावी आणि अमेरिकेंतील एखाद्या शहराच्या उपनगरांतून आपण फेरफटका मारीत असावें. घराघरांच्या मागील बाजूनें धुराची एक बारीक रेघ वर जातांना दिसते. परसांतील हिरवळीवर चार-दोन खुर्च्या मांडलेल्या असतात, मुलें धांवत असतात, आणि तीन पायांच्या एका लोखंडी शेगडीपुढें घरचा यजमान कमरेला एप्रन बांधून व हातांत लांब चिमटा घेऊन उभा असतो. शेगडीच्या जाळीवर मांसाचे तुकडे, मक्याचीं कणसें, कांदे भाजत असतात. पाहुणे येतात, विस्तवाभोंवतीं घुटमळत यजमानाशीं गप्पा मारतात, आणि जें भाजून होईल तें तेथेंच बशींत घेऊन खातात. या मेजवानीला ते लोक बार्बेक्यू म्हणतात. ४ जुलै हा त्यांचा स्वातंत्र्यदिन. तो तर या मेजवानीचा मुख्य दिवस होय.

शेतावर आगटी पेटवून हुरडा खाणाऱ्या आपणां मराठी माणसांना हें दृश्य अगदींच परकें वाटण्याचें कारण नाहीं. तथापि त्यांत एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. मोठी मेजवानी म्हटली म्हणजे यजमान सहसा विस्तवाजवळ नसतो. तो दारांत उभा राहून पाहुण्यांचें स्वागत करतो, पंगतींतून फिरून आग्रह करतो. चुलीपाशीं असतात ते आचारी, नोकरचाकर किंवा घरच्या स्त्रिया. यजमानानें स्वतः धूर सोसून पाहुण्यांना करून घालावें ही रीत जगाच्या इतिहासांत विरळाच. ती येथें कशी आली? आणि ती येण्यापूर्वीं त्या विस्तवापाशीं कोण उभें होतें? हे दोन प्रश्न विचारले कीं एका साध्या खाण्याच्या प्रकाराचा इतिहास एकदम गंभीर होतो. त्या इतिहासाचाच आज थोडक्यांत विचार करावयाचा आहे.

प्रथम शब्दाकडे पाहूं. बार्बेक्यू हा शब्द इंग्रजांचा नव्हे. कॅरिबियन समुद्रांतील बेटांवर ताइनो नांवाचे लोक राहत असत. चार खुंट रोवून त्यांवर काटक्यांचा जो मांचा बांधीत त्याला स्पॅनिश लोकांनीं त्यांच्याच बोलीवरून बार्बाकोआ असें म्हटलें. ओव्हिएदो या स्पॅनिश इतिहासकाराच्या १५२६ सालच्या ग्रंथांत हा शब्द आढळतो. या मांच्यावर धान्य ठेवीत, कोणी झोपतही असत, आणि खालीं मंद विस्तव करून मासे व मांस भाजीत. विल्यम डॅम्पिअर या इंग्रज दर्यावर्द्याच्या १६९७ सालच्या प्रवासवर्णनांत हा शब्द निजावयाच्या मांच्यासाठीं आला आहे. पुढें १७५५ सालीं डॉक्टर जॉन्सनच्या प्रसिद्ध इंग्रजी कोशांत तो दाखल झाला तो मात्र अख्खें डुक्कर भाजण्याची वेस्ट इंडीजमधील रीत या अर्थानें.

या मांच्यावरील मेजवानीशीं युरोपियनांची गांठ कशी पडली, ती हकीकत मोठी बोधप्रद आहे. १४९४ सालच्या एप्रिलअखेर कोलंबस आपल्या दुसऱ्या सफरींत क्यूबाच्या दक्षिण किनाऱ्यावर, ज्याला आज ग्वांतानामो म्हणतात त्या उपसागरांत शिरला. किनाऱ्यावर विस्तव पेटलेला होता, त्यावर मासे आणि इग्वाना नांवाचे मोठे सरडे भाजत होते. परंतु माणूस एकही नव्हतें. परके लोक येतांना पाहून भाजणारे पळून गेले होते. खलाशांनीं मासे यथेच्छ खाल्ले. सरड्यांना मात्र किळसेनें हात लावला नाहीं. मागाहून दुभाष्यामार्फत बोलणें झालें, तेव्हां कळलें कीं त्यांचा मुखिया दुसऱ्या एका मुखियाला मेजवानी देणार होता, तिची ती तयारी होती. कोलंबसानें घुंगरू वगैरे किरकोळ वस्तु देऊन भरपाई केली. ते लोक म्हणाले, सरडे राहिले हें बरें झालें. मासे काय, रात्रींतून पुन्हां धरतां येतील!

म्हणजे लिखित इतिहासांतील या अगदीं आरंभीच्या बार्बेक्यूंत, ज्यांनीं विस्तव पेटविला ते रानांत दडलेले, आणि ज्यांना बोलाविलें नव्हतें ते जेवून तृप्त झालेले, असा प्रकार दिसतो. पुढील पन्नास-साठ वर्षांत रोगराईनें आणि सक्तीच्या मजुरीनें ताइनो समाज जवळजवळ उध्वस्त झाला. त्यांचा मांचा गेला. शब्द तेवढा विजेत्यांच्या तोंडीं राहिला.

हा शब्द आणि ही पद्धति तेथून उत्तर अमेरिकेच्या दक्षिण भागांत, विशेषतः व्हर्जिनिया व कॅरोलिना या वसाहतींत रुजली. तेथें तिला जें रूप आलें तें समजण्यासाठीं या पाकक्रियेचें मर्म ध्यानीं घेतलें पाहिजे. कडक आंचेवर मांसाचा पातळ तुकडा चार-सहा मिनिटांत भाजून काढणें ही एक रीत; तिला जाणकार लोक ग्रिल करणें म्हणतात. जुना बार्बेक्यू याच्या अगदीं उलट. जमिनींत लांब चर खणावयाचा. शेजारीं ओक, हिकरी अशा कठीण लांकडांची धुनी पेटवावयाची, आणि ज्वाळा शमून लाल निखारे झाले म्हणजे ते फावड्यानें चरांत पसरावयाचे. चरावर ओल्या लांकडाच्या काठ्या आडव्या टाकून त्यांवर अख्खीं डुकरें, मेंढ्या, बैलाचे मोठमोठे तुकडे ठेवावयाचे. निखारे विझत आले कीं नवे आणून घालावयाचे, मांस उलटावयाचें, व्हिनेगर, मीठ आणि लाल मिरची यांचें पाणी त्यावर वारंवार शिंपडावयाचें. जनावराच्या कष्ट केलेल्या अवयवांत जो चिवट भाग असतो तो सत्तर अंश सेंटिग्रेडच्या पुढील मंद उष्णतेंत तासन् तास राहिला म्हणजेच विरघळून मऊ होतो. त्याला घाई चालत नाहीं. विस्तव भडकला तर वरून करपतें आणि आंत कच्चें राहतें. विझला तर मांस नासतें. म्हणून संध्याकाळीं चर पेटवावयाचा आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं पान वाढावयाचें, असा हा बारा-चौदा तासांचा, रात्रभर जागरणाचा उद्योग.

आतां ही रात्र कोणी जागावयाची? उत्तर उघड आहे. ज्या वसाहतींत ही मेजवानी वाढली तेथें शेतींतील व घरांतील कष्टाचें काम आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांकडे होतें. चर खणणारे, लांकूड फोडणारे, निखाऱ्यांवर नजर ठेवणारे, मसाल्याचें पाणी कालविणारे बहुतेक तेच. या कामांतलें कौशल्य त्यांच्या हातीं पिढ्यान् पिढ्या सांठत गेलें.

जॉर्ज वॉशिंग्टनच्या रोजनिशींत बार्बेक्यूचे उल्लेख पुनःपुन्हां येतात. १७६९ च्या मे महिन्यांत तो अलेक्झांड्रिया गांवीं बार्बेक्यूला गेला आणि रात्रभर तेथें राहिला. १८ सप्टेंबर १७७३ रोजीं त्यानें स्वतःच ॲकोटिंक येथें बार्बेक्यू दिला. अशा मेजवान्यांस शेजारच्या जमीनदारांपासून साध्या शेतकऱ्यांपर्यंत सारे गोरे लोक जमत, आणि राजकारणास त्या फार उपयोगी पडत. मतदारांना खाऊ-पिऊं घातल्याशिवाय निवडणूक जिंकतां येत नाहीं हा त्या काळचा सर्वमान्य सिद्धान्त होता. खुद्द वॉशिंग्टननें १७५८ सालच्या निवडणुकींत मतदारांना शंभराहून अधिक गॅलन मद्य पाजल्याचा हिशेब राहिलेला आहे. पुढें १८ सप्टेंबर १७९३ रोजीं राजधानींत कॅपिटॉल या विधिमंडळ-भवनाची कोनशिला त्यानें बसविली, त्या प्रसंगीं पांचशें पौंड वजनाचा बैल भाजून समारंभाची सांगता झाली. लोकशाहीच्या मंदिराचा पाया असा बार्बेक्यूच्या धुरांत घातला गेला!

परंतु त्या रोजनिशींत पाहुणे आहेत, खेळ आहेत, हवापाणी आहे. चराजवळ रात्र काढणारा कोणी नाहीं. १७९९ सालीं, वॉशिंग्टन वारला त्या वर्षीं, त्याच्या माउंट व्हर्नन या मिळकतीवर ३१७ गुलाम होते. त्याचा मुख्य स्वयंपाकी हर्क्युलीस हाही गुलामच. राष्ट्राध्यक्षाच्या फिलाडेल्फिया येथील मुदपाकखान्यांत त्याच्या हाताची मोठी ख्याति होती. या हर्क्युलीसनें २२ फेब्रुवारी १७९७ रोजीं, म्हणजे वॉशिंग्टनच्या पासष्टाव्या वाढदिवशीं, माउंट व्हर्ननहून पळ काढला आणि तो पुन्हां सांपडला नाहीं. ज्याच्या पाककौशल्याचें कौतुक सारे करीत त्याला त्या घरांत राहावेंसें वाटलें नाहीं, एवढ्या एका गोष्टींत पुष्कळ कांहीं येतें.

चरापाशीं राहणाऱ्यांचा आवाज इतिहासाला फार उशिरां ऐकूं आला. एकोणिसशें तिसांच्या दशकांत अमेरिकन सरकारनें हयात असलेल्या जुन्या गुलामांच्या आठवणी लिहून घेण्याचा उपक्रम केला. त्यांत दक्षिण कॅरोलिनांतील वेस्ली जोन्स नांवाचा, शंभरीला टेकलेला एक म्हातारा आहे. राजकारणी लोकांच्या मोठ्या बार्बेक्यूच्या आदल्या रात्रीं आपण सारी रात्र जागून मांसावर मसाल्याचें पाणी कसें घालीत होतों, त्यांत व्हिनेगर, काळी व लाल मिरी, मीठ, लोणी, धने, कांदा, लसूण आणि कोणकोणता पाला घालीत होतों, हें तो कारागिराच्या अभिमानानें सांगतो. सकाळीं त्याच मांसावर ताव मारून पुढारी स्वातंत्र्यावर भाषणें करीत. त्या भाषणांतील एक अक्षरही जोन्ससाठीं नव्हतें.

मात्र गुलामांचे स्वतःचेही विस्तव होते. सुटीच्या दिवशीं, रानांत, मालकाच्या नजरेआड ते आपलें मांस भाजीत. त्यांतला एक विस्तव इतिहासांत नोंदला गेला आहे. २१ ऑगस्ट १८३१, रविवार. व्हर्जिनियांतील साउदॅम्प्टन परगण्यांतील एका रानांत कांहीं गुलाम जमले. कोणी डुक्कर आणलें, कोणी ब्रँडी आणली. तेथें नॅट टर्नर येऊन बसला, आणि त्या जेवणानंतर रात्रीं अमेरिकेच्या इतिहासांतील गुलामांचें अत्यंत रक्तरंजित बंड उठलें. सुमारें पंचावन्न गोरीं माणसें मारलीं गेलीं. त्याच्या सूडांत त्याहून किती तरी अधिक काळ्यांचे प्राण गेले. जेथें आपण आपल्याच विस्तवाभोंवतीं बसतों तेथें मनांतलें बोललें जातें. सत्ताधाऱ्यांना अशा पंगतींची भीति वाटते ती उगीच नव्हे.

१८६५ सालीं यादवी युद्ध संपलें. त्या वर्षाच्या १९ जून रोजीं टेक्सासमधील गॅल्व्हस्टन बंदरांत सरकारी सेनापतीनें गुलाम मुक्त झाल्याचा हुकूम वाचून दाखविला. पुढील वर्षापासून त्या दिवशीं मुक्त झालेले लोक एकत्र जमूं लागले, आणि उत्सवाचें मुख्य अन्न काय, तर बार्बेक्यू. आतां चर खणणारे तेच, रात्र जागणारे तेच, आणि पंगतीला बसणारेही तेच. परंतु पंगत मांडावयाची कोठें? सार्वजनिक बागांत काळ्यांना मज्जाव होता. म्हणून ह्यूस्टन शहरांतील या लोकांनीं वर्गणी गोळा करून १८७२ सालीं दहा एकर जमीन विकत घेतली आणि तिचें नांव मुक्तिबाग ठेविलें. ती बाग आजही आहे. १९ जून हा दिवस २०२१ सालीं साऱ्या देशाची सुटी म्हणून मान्य झाला. मेजवानीला विस्तव लागतो, तशी स्वतःची जागाही लागते, ही गोष्ट त्या दरिद्री लोकांनीं फार लवकर ओळखली होती.

विसाव्या शतकाच्या आरंभीं दक्षिणेंतील कृष्णवर्णी लोक शहरांकडे निघाले, तेव्हां हें कौशल्यही त्यांच्याबरोबर गेलें. टेनेसीहून आलेला हेन्री पेरी कॅन्सस सिटींत १९०८ च्या सुमारास भाजलेलें मांस वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळून विकूं लागला. त्या शहराची बार्बेक्यूची आजची सारी कीर्ति या माणसापाशीं सुरू होते. पुढाऱ्यांच्या मेजवान्याही चालूच होत्या. १९२३ च्या जानेवारींत ओक्लाहोमाचा नवा गव्हर्नर जॅक वॉल्टन यानें अधिकारग्रहणाप्रीत्यर्थ प्रचंड बार्बेक्यू दिला व साऱ्या जनतेला जेवावयास बोलाविलें. मौज अशी कीं त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत महाभियोग होऊन गव्हर्नरसाहेबांस पद सोडावें लागलें. पोटांत गेलेलें मीठ राजकारणांत फार दिवस टिकत नाहीं.

येथवर बार्बेक्यू ही मैदानांतील, शेंकडों माणसांची गोष्ट होती. ती घराच्या परसांत कशी आली हा दुसरा अध्याय. त्याचीं कारणें बरींचशीं यांत्रिक आहेत. पहिलें कारण कोळसा. हेन्री फोर्डच्या मोटारींना त्या काळीं लांकूड पुष्कळ लागे. मिशिगनमधील आयर्न माउंटन येथील त्याच्या कारखान्यांत उरलेल्या ढलप्यांचा आणि भुशाचा डोंगर होई. काटकसरी फोर्डला ही नासाडी खपेना. त्या भुशाचा कोळसा करून, त्यांत खळ मिसळून, उशीच्या आकाराच्या लहान वड्या पाडण्याचें काम एकोणिसशें विसांच्या दशकांत सुरू झालें. या वड्या फोर्डच्या मोटारविक्रेत्यांकडेच मिळत. सहलीला जाणाऱ्यानें मोटार घ्यावी आणि कोळसाही घ्यावा! हा धंदा पुढें १९५१ सालीं विकला गेला आणि त्याला फोर्डचा नातलग किंग्जफोर्ड याचें नांव मिळालें. लांकूड जाळून निखारे होण्याची वाट पाहण्याचें काम या वड्यांनीं संपविलें.

दुसरें कारण फुरसत. १९३८ च्या कायद्यानें पुष्कळशा कामगारांचा आठवडा हळूहळू चाळीस तासांचा झाला, आणि शनिवार-रविवार मोकळे मिळूं लागले. कॅलिफोर्नियांत, जेथें हवा उघड्यावर बसण्याजोगी, तेथें विटांची चूल परसांत बांधण्याची टूम निघाली. सनसेट मासिकानें १९३८ सालीं बार्बेक्यूचें स्वतंत्र पुस्तकच काढलें. मग महायुद्ध आलें. मार्च १९४३ पासून नोव्हेंबर १९४५ पर्यंत मांसावर रेशन होतें. तें उठल्यावर, आणि लाखों सैनिक घरीं परतल्यावर, दडपलेली हौस एकदम उसळली.

तिसरें कारण घर. परतलेल्या सैनिकांना घरें हवीं होतीं. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिट कंपनीनें १९४७ पासून बटाट्याच्या शेतांत एकासारखीं एक अशीं घरें कारखान्यांतील मोटारींप्रमाणें भराभर उभीं केलीं. पांच वर्षांच्या आंत सतरा हजारांवर घरें झालीं. प्रत्येक घराला साठ फूट रुंद व शंभर फूट लांब जमीन. जुन्या घरांना रस्त्याकडे ओसरी असे आणि जाणारायेणाराशीं बोलणें होई. या नव्या घरांपैकीं १९४९ च्या नमुन्यांत बैठकीची खोलीच मागें नेली आणि परसाकडे मोठी कांचेची खिडकी ठेविली. घराचें तोंड रस्त्याकडून परसाकडे वळलें.

शेवटचें साधन १९५२ सालीं मिळालें. शिकागोच्या वेबर ब्रदर्स या पत्र्याच्या कारखान्यांत जॉर्ज स्टीफन नांवाचा गृहस्थ कामास होता. तेथें समुद्रांत तरंगणारे खुणेचे गोल पिंप बनत. उघड्या शेगडीवर वारा-पावसानें होणाऱ्या त्रासाला कंटाळून त्यानें असा गोळा मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला तीन पाय लाविले, वरच्याचें झांकण केलें, आणि हवेसाठीं भोंकें ठेविलीं. झांकणामुळें धूर व उष्णता आंत कोंडली जाई आणि भोंकें कमीअधिक उघडून विस्तव हवा तसा राखतां येई. चराजवळ रात्र जागणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत आणि हातांत जी विद्या होती, तिचा कांहीं अंश असा लोखंडांत उतरला.

आणि मग यजमान विस्तवापाशीं आला. पुरुषानें स्वयंपाकघरांत जाणें ज्या समाजांत कमीपणाचें मानीत, त्याच समाजांत परसांतील शेगडीवर मांस भाजणें पुरुषार्थाचें ठरलें. मासिकांनीं आणि जाहिरातींनीं ही कल्पना खूप फुलविली. परंतु येथेंही नीट पाहिलें पाहिजे. मांस आणून मसाल्यांत मुरत ठेवणें, कोशिंबिरी चिरणें, पाव-बशा मांडणें, आणि पाहुणे गेल्यावर सारीं भांडीं घांसणें हें काम बहुधा घरच्या बाईकडेच राहिलें. चिमटा यजमानाच्या हातीं, वाहवाही त्याचीच. बाकीचें काम भिंतीआड. जुन्या बार्बेक्यूचा हा विसर न पडणारा वारसा म्हणावा लागेल.

परंतु याहून मोठी गोष्ट आमंत्रणाची. लेव्हिटच्या वसाहतींत घराला कुंपण घालण्यास मनाई होती, मग तें लांकडाचें असो कीं झाडांचें असो. हिरवळ एका परसांतून दुसऱ्या परसांत अखंड पसरलेली दिसावी असा हेतु. पण एक कुंपण कागदावर होतें. आरंभीच्या भाडेपट्ट्यांत स्पष्ट कलम होतें कीं गोऱ्या वंशाच्या माणसांखेरीज कोणालाही या जागेचा वापर किंवा तींत वस्ती करूं देऊं नये. आणि पुढेंच अपवाद होता कीं घरकामाला ठेविलेले नोकर मात्र चालतील. हें कलम दोनदां वाचावें. काळा माणूस परसांत येऊं शकेल, पण बशी हातांत घेऊन नव्हे, बशी धुण्यासाठीं. वॉशिंग्टनच्या काळची चर आणि पंगत यांमधली रेघ एकोणिसशें सत्तेचाळीस सालीं वकिलाच्या भाषेंत लिहिली गेली होती. पंक्तिभेद ज्या समाजानें घरोघर पाहिला आहे त्या आपल्या समाजाला हें कलम समजावून सांगावें लागणार नाहीं.

१९४८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें अशा वंशभेदी करारांची अंमलबजावणी न्यायालयें करणार नाहींत असा निकाल दिला. कलम गेलें, चाल राहिली. १९५७ च्या ऑगस्टांत पेनसिल्व्हेनियांतील लेव्हिटटाउनमध्यें विल्यम व डेझी मायर्स हें कृष्णवर्णी जोडपें मुलांसह राहावयास आलें, तेव्हां शेंकडों शेजारी रात्रंदिवस घराबाहेर जमून आरडाओरडा करूं लागले, खिडक्यांवर दगड आले. तें कुटुंब हललें नाहीं, हें त्याचें धैर्य.

जें परसांत तेंच खानावळींत. १९६३ च्या डिसेंबरांत राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यानें पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर एर्हार्ड यांना टेक्सासमधील आपल्या गांवाजवळ बार्बेक्यूची मेजवानी दिली. थंडीमुळें ती शाळेच्या व्यायामशाळेंत हलवावी लागली आणि व्हॅन क्लायबर्न या नामांकित वादकानें तेथें पियानो वाजविला. याच जॉन्सननें २ जुलै १९६४ रोजीं नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केली. खानावळींत वर्णभेद करणें त्या कायद्यानें बेकायदेशीर ठरलें, आणि त्याला आव्हान कोणी दिलें, तर बर्मिंगहॅम शहरांतील ऑलीज बार्बेक्यू या खानावळीच्या मालकांनीं! त्या खटल्याच्या निकालपत्रांतील आंकडे बोलके आहेत. बसण्याची सोय २२० माणसांची. नोकर ३६, त्यांतले दोन-तृतीयांश कृष्णवर्णी. आणि १९२७ सालीं खानावळ निघाल्यापासून कृष्णवर्णी गिऱ्हाइकाला आंत बसवून कधीं वाढलेलें नाहीं. ज्यांच्या कष्टावर खानावळ चाले त्यांना तिच्या टेबलापाशीं जागा नव्हती. मालकांचें म्हणणें, आमची घरगुती खानावळ, तिच्याशीं मध्यवर्ती सरकारचा संबंध काय? न्यायालयानें हिशेब पाहिला: वर्षाच्या सुमारें दीड लक्ष डॉलरांच्या खरेदींत ६९,६८३ डॉलरांचें मांस परप्रांतांतून आलेलें. म्हणजे आंतरराज्य व्यापार, म्हणजे कायदा लागू. १४ डिसेंबर १९६४ रोजीं न्यायालयानें एकमतानें कायदा उचलून धरला. मनुष्याचा हक्क शेवटीं मांसाच्या बिलावरून सिद्ध करावा लागला, याचें हसूं येतें आणि विषादही वाटतो. घरांच्या विक्रींतील भेदाला बंदी करणारा कायदा त्यानंतर १९६८ सालीं आला.

त्यानंतर परिस्थिति पुष्कळ पालटली. सारी पालटली असें मात्र नव्हे. २०१८ सालच्या एप्रिलांत कॅलिफोर्नियांतील ओकलंड शहरीं एका तलावाकांठच्या बागेंत कांहीं कृष्णवर्णी माणसें कोळशाची शेगडी पेटवून बसलीं होतीं. ही कोळशाची जागा नव्हे, असें सांगत एका गोऱ्या बाईनें पोलिसांना बोलाविलें. पुढल्याच महिन्यांत त्याच तलावाकांठीं हजारों लोक शेगड्या घेऊन जमले आणि सर्वांनीं मिळून जेवण केलें. निषेधाचा इतका रुचकर प्रकार विरळाच.

१९६५ च्या कायद्यानें अमेरिकेचें दार आशियांतील लोकांना मोकळें झालें, आणि मराठी डॉक्टर, इंजिनियर तेथील उपनगरांत राहूं लागले. त्यांच्या परसांतही आतां शेगडी असते. गांवोगांवच्या महाराष्ट्र मंडळांच्या उन्हाळी सहलींतही ती पेटते. शाकाहारी पाहुण्यांसाठीं निराळी जाळी ठेवणें, पनीर आणि भोपळी मिरची सळईला लावणें, हे नवे शिष्टाचार त्यांनीं रूढ केले आहेत. आणि कणसें भाजून त्यांवर लिंबू, मीठ व तिखट चोळणें तर आहेच. मुंबईच्या चौपाटीवरून आपण ही चव तिकडे नेली असें आपणांस वाटतें. वस्तुतः मका आणि मिरची हीं दोन्हीं मूळचीं अमेरिकेचींच. तीं पोर्तुगीजांच्या काळांत इकडे आलीं, आणि मराठी हातांनीं पुन्हां आपल्या माहेरीं गेलीं.

असो. यजमानानें स्वतः विस्तवापाशीं उभें राहणें ही मला या इतिहासांतील चांगली गोष्ट वाटते. ज्याला आंच लागते त्याला अन्नाची किंमत कळते, आणि करणारा व खाणारा एकाच हिरवळीवर उभे राहतात. पण तेवढ्यानें मेजवानी पुरी होत नाहीं. पांच शतकांचा हा वृत्तान्त असें सांगतो कीं विस्तव पेटविणें सोपें. त्याच्याभोंवतीं कोणाला बोलवावें आणि कोणाला नुसतें राबवावें, येथेंच माणसाची आणि समाजाची परीक्षा होते. म्हणून ज्याला परसांत मेजवानी द्यावयाची असेल त्यानें कोळसा आणावा, जाळी घांसावी, मांस नाहीं तर कणसें मुरत ठेवावीं. आणि विस्तव पेटविण्यापूर्वीं आमंत्रणांची यादी एकदां काढून पुन्हां वाचावी. तींत कोणाचें नांव राहिलें आहे, आणि तें कां राहिलें आहे, याचा विचार करण्यास निखारे लाल होईपर्यंत पुरेसा वेळ असतो.